सध्या घर कोण झाडतं?

सासूबाई गेल्या, त्यांचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पुढच्या खोलीत आले तर आबा, म्हणजे माझे सासरे, पायजमा दुमडून, डोक्याला टॉवेल गुंडाळून केर काढत होते.

"अहो आबा, ठेवा ते. मी काढते की."

"तू तुझ्या शाळेचं बघ," ते मान वर न करता म्हणाले. "पलटणीत लय केलंय हे."

मला वाटलं, दुःखातलं माणूस आहे, दोन दिवस करतील आणि सोडतील. पण त्यांनी सोडलं नाही. पुढची चार वर्षं आमच्या साताऱ्याच्या घराचा केर रोज सकाळी आबांनीच काढला.

आमचं घर म्हणजे पसाऱ्याचं घर. मी हायस्कूलमध्ये शिकवते, नवरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, त्याची पाळी दर आठवड्याला बदलणार. मुलगी मोठी, मुलगा तिच्याहून चार वर्षांनी लहान. सोफ्याखाली मोजे, जेवणाच्या टेबलाखाली भाताची शितं, दाराशी नवऱ्याच्या बुटांतून सांडलेला लोखंडाचा चुरा, मुलाच्या पेन्सिलींची टरफलं, माझ्या तपासायच्या पेपरांचे सुटलेले दोरे. शेंगा आल्या की आठवडाभर फोलपटं. सासूबाई होत्या तोवर त्यांना बाहेरच्या बाईचं काम पसंत पडत नसे, आणि त्या गेल्यावर तो विषय निघण्याआधीच आबांनी झाडू उचलला होता.

त्यांची एक पद्धत होती. आधी आतली खोली, मग स्वयंपाकघर, मग पुढची खोली. कोपऱ्यापासून सुरुवात. सगळा केर उंबऱ्याशी आणायचा, पण लगेच सुपलीत भरायचा नाही. त्यापुढे उकिडवं बसायचं आणि बोटानं तो चाळायचा. त्यात काय काय सापडे. माझ्या कानातल्याची फिरकी, शर्टाचं बटण, खोडरबर, एकदा तर मुलाचा पडलेला दुधाचा दात. मिळालेली वस्तू धुऊन टीव्हीच्या फळीवर मांडून ठेवायची आणि नाश्त्याला सगळे बसले की विचारायचं, "ह्यो माल कुणाचा?" मग पोरं भांडत, हसत, माझं-माझं करत. सासूबाई गेल्यानंतर आमच्या घरात सकाळी पहिलं हसू फुटलं ते या प्रश्नामुळं.

केरातून त्यांना घर कळायचं. हे मला तेव्हा गंमतीचं वाटे. एकदा म्हणाले, "त्याची जागा बदलली का कारखान्यात? बुटातला चुरा आता पांढरा पडतोय. आदी काळा असायचा." आणि खरंच, नवऱ्याला पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या विभागात टाकलं होतं, तो मला सांगायचं विसरला होता. दुसऱ्यांदा त्यांना फाटलेल्या कागदाचे कपटे सापडले. त्यांनी ते जुळवले नाहीत, कुणाला दाखवले नाहीत. मुलाला फक्त शेजारी बसवून म्हणाले, "गड्या, गणिताचा पेपर फाडून मार्क वाढत न्हाईत. आन इकडं, आपुन बसू." त्यानंतर दोघं रोज संध्याकाळी पाढे म्हणत बसायचे. आबांना सत्तावीसपर्यंत तोंडपाठ होते.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. टेबलाच्या पायाशी शितं राहू लागली, भिंतीकडेला धुळीची रेघ. ते आंघोळीला गेले की मी गुपचूप दुसरा झाडू काढून मागून हात फिरवायची. एकदा ते टॉवेल विसरला म्हणून परत आले आणि मी टेबलाखाली वाकलेली त्यांना दिसले. टॉवेल घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक जागा दोनदा झाडू लागले. त्यामुळं त्यांना दुप्पट वेळ लागे आणि कंबर धरून उठावं लागे. तेव्हा त्यांच्याशी चार शब्द सरळ बोलायला हवे होते. मी दुसरा झाडू माळ्यावर टाकला, एवढंच केलं.

माझं माहेर सांगलीचं. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीनं तिथं नवा फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. आबा तेवढे घर राखायला साताऱ्यात थांबले. जेवणं झाल्यावर बायकांचा घोळका बसला होता. माझी मावशी मध्यंतरी आमच्याकडं येऊन राहिली होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिची बाई मजा आहे. हिच्या घरी सासरा झाडू मारतो. फौजेत हवालदार होता म्हणे, आता सुनेकडं ड्यूटी."

सगळ्या हसल्या. माझी आई हसली नाही. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, जमिनीत जावं. "मी सांगत नाही त्यांना, ते स्वतःहून करतात," असं मी म्हणाले, पण ते मलाच लंगडं वाटलं. मावशी म्हणाली, "स्वतःहून करतात म्हणून करू द्यायचं होय गं?"

विषय बदलावा म्हणून बहिणीनं तिचं नवं यंत्र सुरू केलं. परातीएवढी पांढरी चकती कोपऱ्यातून गुरगुरत बाहेर आली, अक्षता, फुलांच्या पाकळ्या, सांडलेली बुंदी गिळत निघाली, सोफ्याखाली शिरली, पलीकडून बाहेर आली. मागून ओलं फडकं फिरल्यासारखी फरशी चमकत होती. बायका पाय वर घेऊन बघत बसल्या. मी मात्र त्या क्षणी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "आबांच्या कंबरेचं काय होतंय बघतोस ना? आपण झाडू-पोछा करणारा रोबो घेऊ." हे खोटं नव्हतं. त्यांची कंबर दुखत होती. पण ती त्याआधीही वर्षभर दुखत होती, आणि तेव्हा मला रोबो आठवला नव्हता.

पुढचे तीन महिने मी जे केलं ते आज आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. मी एक वही केली. शाळेच्या रिकाम्या तासाला मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि वहीत टिपायचे. कोण कॅमेऱ्यानं वाट शोधतो, कोण लेझरनं. कोणाचं फडकं नुसतं ओढलं जातं आणि कोणाची दोन फडकी गोल फिरून फरशी घासतात. कोण स्वतःचा केर स्वतः डब्यात रिकामा करतो. घरात वायरी पडलेल्या असल्या तर कोण अडकतो. लांब केस गुंतू न देणारा ब्रश कोणाचा. नवऱ्यानं स्टीलची पट्टी घेऊन घरातले सगळे उंबरे मोजले. स्वयंपाकघराचा उंबरा यंत्राला चढता येईल त्याहून अर्धा सेंटिमीटर उंच निघाला, तेव्हा त्यानं सुताराकडून लाकडाची उतरती पट्टी करून आणली. मुलानं सोफ्याखालची उंची मोजली. मुलगी म्हणाली, "आई, माझ्या खोलीत नको हां त्याला पाठवू," आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तिचं दहावीचं वर्ष होतं.

एवढं सगळं मोजलं, पण आबांना काही विचारलं नाही. ते पेपर वाचत बसलेले असत आणि आम्ही त्यांच्या खुर्चीखाली पट्टी धरून उंची घेत असू. एकदा त्यांनी विचारलं, "कशाचं माप घेताय रं?" मुलगा म्हणाला, "आबा, रोबो येणारे. तुम्हाला आता आराम." आबा म्हणाले, "आसं व्हय," आणि पेपरचं पान उलटलं.

त्यांचे डोळे दाखवायला मिरजेला जायचं होतं. मिरजेहून सांगली दहा-पंधरा मिनिटांवर, म्हणून डोळे दाखवणं आणि बहिणीनं यंत्र घेतलं त्या दुकानातून आपला रोबो घेणं, ही दोन्ही कामं मी एकाच फेरीत करायचं ठरवलं. सकाळी डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत औषध घालून तपासलं, मोतीबिंदू अजून पिकायचा आहे, दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया करू म्हणाले. औषधानं बुबुळं मोठी झालेली, उजेड सहन होत नव्हता, म्हणून काळा चष्मा लावून आबा माझा हात धरून चालत होते. तसेच आम्ही सांगलीतल्या त्या दुकानात गेलो. मी त्यांना एका स्टुलावर बसवलं आणि वही उघडली.

विकणारा तरुण हुशार होता. त्यानं फरशीवर साबुदाणा, शेंगांची फोलपटं आणि थोडा चहा सांडला आणि तीन यंत्रं एकामागून एक फिरवून दाखवली. मग माझ्या घराची माहिती विचारू लागला. खोल्या किती? फरशी कसली? कुत्रं-मांजर? लांब केसांची माणसं किती? मी वहीत बघून उत्तरं देत होते.

"आणि ताई, सध्या घर कोण झाडतं?"

साधा प्रश्न होता. माझ्या उजव्या हाताला, दोन हातांवर आबा बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"बाई येते कामाला," मी म्हणाले.

"मग ताई, बाई सुट्टीवर गेली तरी टेन्शन नाही आता," तो म्हणाला. मी हसले. त्यानं बिल करायला घेतलं. काही क्षणांनी मी वळून पाहिलं. आबा काळ्या चष्म्याआडून समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. मला वाटलं, त्यांना दिसत नाहीये, गोंगाट आहे, त्यांनी ऐकलं नसेल. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

परतीच्या एस.टी.त कऱ्हाड आलं. मग आबा म्हणाले, "यंदा ऊस चांगला दिसतोय." बाहेर अंधारून आलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यांना ऊस दिसणं शक्य नव्हतं.

यंत्र आठवड्यानं घरी आलं. पहिल्या दिवशी ते सगळ्या खोल्यांतून फिरलं आणि मोबाइलवर आमच्या घराचा नकाशा उमटला. मुलगा त्यावर खोल्यांची नावं घालत बसला. आबांची मच्छरदाणी जमिनीपर्यंत लोंबायची आणि यंत्राच्या चाकात अडकायची, म्हणून मुलानं नकाशात आबांच्या खाटेभोवती लाल चौकोन काढला.

"हे लाल काय रं?" आबांनी विचारलं.

"तिथं ते येणार नाही, आबा. तिथं त्याला बंदी."

"बरं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आबा फक्त त्या लाल चौकोनाएवढी जागा झाडू लागले. खाटेखाली, ट्रंकेपाशी, भिंतीपर्यंत. दोन मिनिटांचं काम. उरलेल्या वेळात ते यंत्राची तयारी करून देत. खुर्च्या टेबलावर उलट्या टाकायच्या, वायरी गुंडाळायच्या, मोजे उचलायचे. यंत्र बरोबर नऊला निघे. तेव्हा आम्ही सगळे घराबाहेर असायचो. रविवारी मी घरी असताना बघितलं, आबा सोफ्यावर दोन्ही पाय वर घेऊन बसले होते आणि यंत्र त्यांच्याखालून जात होतं. मुलानंच त्यांना सांगितलं होतं, पाय खाली असले की ते अडखळतं म्हणून. पंचवीस वर्षं सीमेवर काढलेला माणूस आक्रसून बसला होता. मी बघितलं आणि चहा टाकायला आत गेले.

नाश्त्याची गंमतही संपली. फिरक्या, बटणं, खोडरबरं यंत्राच्या पोटात जाऊ लागली. काही दिवस मुलानं डब्यात हात घालून शोधली, मग तोही कंटाळला. आम्ही चौघं मोबाइल बघत पोहे खायचो. फरशी मात्र आरशासारखी असायची. मावशी पुन्हा आली तेव्हा मी मुद्दाम यंत्र लावलं.

तीनेक आठवड्यांनी आबा म्हणाले, "मी जरा गावाकडं जाऊन येतो. घेवडा टाकायचा हाय." आमचं गाव मेढ्याच्या पलीकडं, डोंगरात. तिथं दोन खोल्या आणि थोडी जमीन, शेजारी चुलत दिराचं कुटुंब. आबा एरवीही जायचे, पण चार दिवसांत परतायचे. निघायच्या दिवशी पिशवी भरून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सुनबाई, पोरीचे केस लय जात्यात."

मला शाळेला उशीर होत होता. मी डबे भरत म्हणाले, "हो ना आबा, ब्रशमध्ये गुंतून बसतात सगळे. केस न गुंतणारा म्हणून घेतला आणि बघा. मी तक्रार केलीय कंपनीकडं."

"यंत्राचं न्हाई म्हनत मी."

"मग?"

"काय न्हाई. तिला जरा गूळ-शेंगदाणं देत जा."

हे मला टोचलं. मी मुलीला काय खायला घालते यावर बोट ठेवतायत असं वाटलं. "सगळ्याच मुलींचे गळतात हल्ली, आबा," मी जरा तोडूनच म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

चार दिवसांचे चाळीस झाले. फोन केला की म्हणत, येतो की, एवढं झालं की. डोळ्याची शस्त्रक्रिया नवऱ्यानं गावाहून परस्पर मिरजेला नेऊन करून आणली आणि ते पुन्हा गावीच गेले. चुलत जाऊ म्हणाली, आमच्यात जेवत्यात, काळजी करू नका. मीही फार ओढून धरलं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या नसण्यानं घरात जी हलकी शांतता आली होती ती मला आवडू लागली होती.

दर रविवारी मी कात्री घेऊन यंत्राचा ब्रश उलटा करायची आणि त्यावर गुंडाळलेले केस कापून काढायची. मुलीचे लांब, काळे केस. दर आठवड्याला मूठभर. मग दोन मुठी. मी चिडून कंपनीच्या पानावर अभिप्राय लिहिला. फरशी उत्तम पुसतो, नकाशा अचूक, पण लांब केसांच्या घरासाठी ब्रश निकामी, तीन तारे. केसांचा फोटोही काढून टाकला. खाली कुणीकुणी लिहिलं होतं, आमच्याकडंही हाच त्रास. मला समाधान वाटलं. ते केस माझ्या मुलीच्या डोक्यावरून येतायत आणि दर आठवड्याला वाढतायत, हे माझ्या हातात कात्री असूनही डोक्यात आलं नाही.

पूर्वपरीक्षेच्या आधी एका सकाळी तिच्या शाळेतून फोन आला. प्रार्थनेच्या वेळी ती उभ्याउभ्या कोसळली होती. मी रिक्षानं धावत गेले. ती शिक्षकांच्या खोलीत बाकावर पडलेली, ओठ पांढरे, हात गार. हनुवटी जमिनीवर आपटून फुटली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हिच्या अंगात रक्त किती कमी आहे बघा. ही इतके दिवस चालत-फिरत कशी होती?" मग तिला एकेक विचारलं. पाळीत खूप जातं का? किती महिने? डबा खातेस? मुलगी खाली बघून उत्तरं देत होती. पाच-सहा महिने अंगावरून खूप जात होतं. अभ्यासाच्या ताणात तिनं मला सांगितलं नव्हतं. डबा मैत्रिणीला देऊन टाकत होती, कारण खाल्लं की मळमळायचं.

"आणि केस कधीपासून गळतात?" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं.

मला तारखेसकट माहीत होतं. मी फोटो काढून सगळ्या जगाला दाखवले होते.

इंजेक्शनं, गोळ्या सुरू झाल्या. हनुवटीला दोन टाके पडले. धोका टळला होता. आठव्या दिवशी, रविवारी, तिला नवऱ्यापाशी ठेवून मी एकटी मेढ्याची एस.टी. धरली.

आबा अंगणात सूप घेऊन गेल्या सालच्या घेवड्याचं बी निवडत होते. मला बघून उठले. "एकलीच? पोरं कुटं?"

"आबा, ती शाळेत चक्कर येऊन पडली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कवा?"

"झाले आठ दिवस."

"आठ दिस? आन तू आज सांगतीस मला?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना इतक्या वर्षांत चिडलेलं पाहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. रक्त, केस, डबा. ते ऐकत होते. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे स्वच्छ दिसत होते.

"तुम्ही सांगितलं होतं मला," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही."

"न्हाई ऐकलंस. आन मी बी पुरतं बोललो न्हाई. मला वाटलं, आता केराचं मी काय सांगनार." ते पुन्हा बसले. "तिथं माझं चुकलं. पोरीच्या बाबतीत मान-अपमान धरायचा नसतो."

मग जे बोलायला मी खरी आले होते ते बोलले. "आबा, त्या दिवशी दुकानात मी खोटं बोलले."

"व्हय."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं की. न्हाई कशाला म्हनू? डोळ्यांत औषध व्हतं, दिसत न्हवतं. कानात न्हवतं घातलं औषध." त्यांनी मूठभर बी उचललं आणि बोटांतून खाली सोडलं. "पलटणीत झाडलोटीच्या कामाला फटीग म्हनायचे. फळ्यावर नावं लिवायचे, आज कुनाची पाळी. कुनाला त्यात कमीपना न्हाई वाटायचा. साहेबानं फळ्यासमोर उभं राहून वाचायचं, हा हवालदार, हा शिपाई. तू मला काम करू दिलंस चार वरसं. पर इचारल्यावर माझं नाव घेतलं न्हाईस."

मला रडू आवरेना. ते उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. "पी. आन रडू नगं. मी काय तुझ्यावर डूक धरून न्हाई."

"मग घरी चला."

"पोरीला बघायला येतो," ते म्हणाले.

आले ते दुसऱ्याच दिवशी. अळीव, गूळ, खजूर, आणि चुलत जावेनं करून दिलेले नाचणीचे लाडू घेऊन. दोन दिवस मुलीच्या उशाशी बसले. तिला चमच्यानं अळिवाची खीर भरवली, आणि जी माझ्यासमोर खायला तोंड वाकडं करायची ती त्यांच्यासमोर वाटी पुसून खायची. मी त्या दोन दिवसांत यंत्र बंद ठेवलं. झाडू धुऊन, पूर्वीच्या जागी, दाराआड उभा करून ठेवला. मनात आशा होती. दुसऱ्या सकाळी आबा म्हणाले, "आज ते यंत्र लावलं न्हाईस? लाव की, केर पडलाय." स्वतः पाय वर घेऊन बसले. पाणी हवं असलं तर मला हाक मारून मागत होते, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हते. पाहुणा जसा वागतो तसे वागत होते, आणि त्यात राग असता तर बरं झालं असतं. राग काढता येतो.

तिसऱ्या दिवशी ते गावी गेले. नवऱ्यानं खूप आग्रह केला, मुलानं पिशवी लपवून ठेवली. पण ते म्हणाले, घेवडा शेंगेला आलाय, रानडुकरं लय झालीत, राखायला पायजे. खरंही होतं ते. त्यांना तिथं काम होतं आणि ते काम त्यांचं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मुलगी आता कॉलेजात जाते. केस पुन्हा दाट आलेत, हनुवटीवर बारीक पांढरी खूण तेवढी राहिली. यंत्र अजून चालतं, आणि मी त्याला दोष देत नाही; त्यानं त्याला सांगितलेलं काम केलं. रविवारी ब्रश साफ करताना मी गुंडाळा उलगडून बघते, कोणाचे केस, किती केस. हे उशिरा आलेलं शहाणपण आहे आणि त्याचं मला कौतुक वाटत नाही.

महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मुलगी एकटीच एस.टी.नं आबांकडं जाते. रोज त्यांच्याशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलते. कुणाच्या गाईला काय झालं, कुणाच्या लग्नात काय घडलं, तिला त्या डोंगरातलं सगळं ठाऊक असतं. मधेच ती खळखळून हसते, आणि मी आत भाजी चिरता चिरता कान देते. शेवटी ती हाक मारते, "आई, आबांशी बोल." मी हात पुसून फोन घेते.

"बरी हायस न्हवं?" ते विचारतात.

"हो. तुम्ही?"

"बरं हाय सगळं."

मग मी फोन मुलीच्या हातात परत देते.